घरी पेशंटला औषधं देताय? मग या चुका टाळा

सात वर्षं मी माझ्या बाबांची औषधं सांभाळली, आता ओळखीत कोणी हॉस्पिटलमधून घरी आलं की लोक मलाच फोन करतात, आणि चुका बघाल तर दर वेळी त्याच. निष्काळजी माणसं नसतात ही, उलट जीव लावून करणारी असतात, पण घाई नडते.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे स्ट्रिपवरचं मोठ्या अक्षरातलं नावच वाचायचं. ते कंपनीने दिलेलं नाव, आतल्या औषधाचं नाव बऱ्याचदा बारीक अक्षरात असतं. हे मला कसं कळलं ते सांगते. बाबांना आधीपासून मेटोप्रोलॉल, म्हणजे बीपी आणि हृदयाचे ठोके कमी करणारं औषध, चालू होतं. ॲडमिट होऊन घरी आले तेव्हा डिस्चार्जच्या कागदावर तेच औषध दुसऱ्या कंपनीच्या नावाने होतं, गोळीचा रंग वेगळा, आकार वेगळा, मला वाटलं हे नवीन दिलंय, मी जुनी पण चालू ठेवली आणि नवीन पण सुरू केली. तिसऱ्या दिवशी सकाळी बाबा बेडवरून उठले आणि तसेच खाली बसले, डोळ्यापुढे अंधारी, अंगाला घाम, पल्स मोजली तर 44. डॉक्टरांनी सगळ्या स्ट्रिपा घेऊन बोलावलं, दोन शेजारी शेजारी ठेवल्या आणि बारीक अक्षरांवर बोट ठेवलं. दोन्हीकडे एकच नाव! मी रोज त्या स्ट्रिपा हातात घेत होते आणि एकदाही ते वाचलं नव्हतं. बाबा सावरले, पण तो दिवस मी विसरलेले नाही.

तेव्हापासून पेशंट घरी आला त्याच दिवशी मी जुनी-नवी सगळी औषधं बेडवर ओतते, डिस्चार्जचा कागद घेते आणि प्रत्येक पाकिटावर मार्करने आतल्या औषधाचं नाव आणि मिलिग्रॅम लिहिते. एकच नाव दोनदा आलं किंवा जुनी गोळी नव्या कागदावर नसेल तर डॉक्टरांना फोन, आपल्या मनाने काही बंद नाही आणि चालू पण नाही. बंद झालेल्या गोळ्या त्या खोलीतच ठेवायच्या नाहीत. पॅरासिटामॉलचंही असंच, तापाची गोळी वेगळी देतात आणि सर्दीच्या गोळीतही तेच असतं हे लक्षातच येत नाही. मोठ्या माणसाला 24 तासांत 4 ग्रॅमच्या वर जाऊ नये, वजन कमी असेल किंवा लिव्हरचा त्रास असेल तर मर्यादा त्याहून कमी, ती डॉक्टरांना विचारा. 650 ची गोळी सहा वेळा दिली की 3900 मिलिग्रॅम होतात, मग सर्दीच्या गोळीला जागा कुठे उरली?

दुसरी माझ्या डोक्यात बसलेली गोष्ट म्हणजे चमचा. घरातला चमचा हे माप नाहीच, प्रत्येक चमच्यात वेगळं मावतं, तोंडाने द्यायची मिलिलिटरच्या खुणांची सिरिंज आणा. आणि लहान मुलांचे ड्रॉप्स आणि सिरप एक समजू नका. पॅरासिटामॉलच्या ड्रॉप्समध्ये बऱ्याचदा 1 मिलिलिटरमध्ये 100 मिलिग्रॅम असतं आणि सिरपमध्ये 5 मिलिलिटरमध्ये 120. सिरपच्या हिशोबाने 5 मिलिलिटर ड्रॉप्स पाजले तर बाळाच्या पोटात 500 मिलिग्रॅम, चौपटीच्याही वर. बाटलीवरचा आकडा दर वेळी वाचा, मागच्या वेळी वाचला होता हे चालणार नाही.

मेथोट्रेक्सेट संधिवाताला आठवड्यातून एकदाच असतं. रोज दिलं तर तोंडात फोड येतात, रक्तातल्या पेशी कमी होतात, जीवावर बेततं. मी वार पाकिटावरच लिहिते आणि ते रोजच्या डब्यात ठेवतच नाही.

इन्सुलिन 40 चं (म्हणजे 1 मिलिलिटरमध्ये 40 युनिट) असेल तर सिरिंज 40 ची, 100 चं असेल तर 100 ची. 40 च्या सिरिंजमध्ये 100 चं भरलं तर त्याच खुणेला अडीचपट इन्सुलिन जातं.

एसआर, एक्सआर, सीआर लिहिलेली, म्हणजे औषध हळूहळू सोडणारी गोळी कुटून देऊ नका, दिवसभराचं औषध एकदम सुटतं. गिळता येत नसेल तर दुसरा प्रकार मागा.

थायरॉईडची गोळी आणि कॅल्शियम किंवा लोह यांच्यात चार तासांचं अंतर ठेवा.

डोस चुकला म्हणून पुढच्या वेळी डबल, हे अजिबात नको.

"मला सगळं पाठ झालंय" असं दोन दिवसांत म्हणणाऱ्यांची मला सगळ्यात जास्त काळजी वाटते. पाठ करू नका हो, भिंतीवर कागद लावा आणि गोळी गिळल्यावर टिक करा, आधी नाही. एका घरी सुनेने दिली, तासाभराने मुलाने येऊन परत दिली, दोघांनाही वाटलं राहिली असेल.

आणि चूक झालीच तर लपवू नका, उलटी काढायला लावू नका. किती वाजता काय आणि किती दिलं ते लिहा, स्ट्रिप हातात घ्या आणि लगेच डॉक्टरांना फोन करा. पेशंट गुंगीत असेल किंवा श्वास नीट घेत नसेल तर फोनवर बोलत बसू नका, थेट ॲम्ब्युलन्स बोलवा.