व्हायोलिन पुन्हा हाती घेताय? या चुका टाळा

एकोणीस वर्षांनी मी व्हायोलिनची पेटी उघडली, तेव्हा जूनचा दुसरा आठवडा होता आणि कोल्हापुरात पावसानं नुकताच जोर धरला होता. शिवाजी पेठेतल्या आमच्या जुन्या घराच्या माळ्यावर, गाद्यांच्या मागे ती पडून होती. खटके गंजलेले, आत कोंदट वास, गजाचे निम्मे केस तुटून पेटीभर पसरलेले. संगीताच्या परीक्षांतली मध्यमा पूर्ण करून पुढच्या विशारदला बसायचं ठरलं होतं, तेवढ्यात लग्न झालं. मग बदल्या, मग मुलाच्या शाळा. वाजवणं सुटलं ते सुटलंच.

गाणं ऐकणं मात्र कधी सुटलं नाही. देवल क्लबातल्या मैफली, घरी केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर यांची ध्वनिमुद्रणं, प्रवासात एन. राजम आणि डी. के. दातार यांचं व्हायोलिन. ज्या गावात अल्लादिया खाँसाहेब शाहू महाराजांच्या दरबारी गायले, तिथं कान रिकामा राहत नाही. म्हणजे एकोणीस वर्षं माझा कान शिकत राहिला आणि हात होता तिथून मागं गेला. परत वाजवू लागल्यावर केलेल्या माझ्या बहुतेक चुका याच अंतरातून आल्या. कानाला जे हवं ते हात देत नाही, मग आपण घाई करतो, जोर लावतो, वाद्याला दोष देतो. तुम्हीही आठ-दहा वर्षांनी, वीस वर्षांनी पेटी खाली काढणार असाल, तर आधी हे वाचा.

चारही तारा एकदम काढू नका

पहिल्याच दिवशी मी ही चूक केली. तारा काळवंडल्या होत्या, म्हणून नवा संच आणला आणि जुन्या चारही तारा एका दमात उतरवल्या. तारांना आधार देणारी घोडी आडवी झाली आणि आत काहीतरी टक्कन पडलं. व्हायोलिन हलवलं तर आत काडी खुळखुळत होती.

तो साउंडपोस्ट. वरची आणि खालची फळी यांच्यामध्ये, घोडीच्या एका पायाच्या थोडं मागे, पेन्सिलीहून थोडी बारीक अशी लाकडी काडी उभी असते. ती चिकटवलेली नसते. तारांच्या ताणानं फळ्या दाबल्या जातात आणि त्या दाबावर ती उभी राहते. इटालियन भाषेत तिला ‘आत्मा’ म्हणतात आणि ते नाव तिला शोभतं, कारण ती दोन-तीन मिलिमीटर सरकली तरी आवाजाचा पोत बदलतो. ताण गेला की ती पडू शकते, जुन्या सुकलेल्या वाद्यात तर फारच सहज. ती पडलेली असताना तारा चढवल्या, तर वरची फळी दबून तडकते.

दुरुस्तीला नेल्यावर कारागिरांनी पहिला प्रश्न हाच केला, “ताई, चारी तारा एकदम कशाला काढल्यासा?” मग त्यांनी सांगितलेली रीत साधी आहे. एक तार काढायची, नवी लावायची, थोडी ताणून घ्यायची, मगच दुसरीला हात घालायचा. तार चढवताना घोडीचा माथा खुंट्यांच्या बाजूला ओढला जातो, म्हणून प्रत्येक तारेनंतर बाजूनं बघा. शेपटीकडची तिची पाठ फळीला काटकोनात उभी दिसली पाहिजे. झुकलेली असेल तर दोन्ही हातांच्या बोटांनी हळूच सरळ करा. झुकलेली घोडी तशीच ठेवली तर एक दिवस वाकते किंवा धाडकन आडवी होते.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. मिरज आपल्याला तासाभरावर, तिथला तानपुरा आणि सतार देशभर जाते, त्यामुळे कुठलंही तंतुवाद्य तिकडे न्यायचं असं आपण धरूनच चालतो. पण भोपळ्याच्या वाद्याचं काम वेगळं आणि व्हायोलिनचं वेगळं. साउंडपोस्ट उभा करायला वाकडी सळई लागते आणि सवयीचा हात लागतो. “साउंडपोस्ट बसवता का?” हे आधी फोनवर विचारा, मग वाद्य घेऊन निघा.

पावसाळ्यात खुंट्यांशी कुस्ती नको

कोल्हापूरच्या जुलै-ऑगस्टमध्ये लाकूड फुगतं आणि खुंट्या जाम होतात. मार्च-एप्रिलमध्ये तेच लाकूड आकसतं आणि खुंट्या सटकतात. जाम खुंटी पक्कडीनं फिरवू नका, मान फुटते. खुंटी बाहेर काढून जाम होणाऱ्या जागी कोरडा साबण हलकेच घासा, सटकणाऱ्या खुंटीला खडू लावा. जुन्या वादकांचा हा उपाय अजून चालतो.

कडेचा जोड उघडलेला दिसला तर घाबरू नका. व्हायोलिन मुद्दामच सरसानं चिकटवतात. लाकडावर ताण आला की जोड सुटावा आणि फळी वाचावी, हा त्यामागचा विचार. म्हणून तिथं घरातला पांढरा गोंद अजिबात भरू नका. तो जोड पुढच्या वेळी सुटणार नाही, त्याऐवजी फळी चिरेल. वाद्य पुसायला कोरडं सुती कापड पुरे. स्पिरिट किंवा सॅनिटायझर लावलात तर व्हार्निश विरघळतं.

गजाकडे दुर्लक्ष

व्हायोलिनवर पैसे खर्च होतात आणि गज तसाच राहतो. मीही तेच केलं. निम्मे केस गेलेल्या गजावर तीन आठवडे रियाज केला आणि आवाज खरखरीत येतो म्हणून दोष डाव्या हाताला देत बसले. बंद, अंधाऱ्या पेटीत गजाच्या केसांना कीड लागते. घोड्याचे केस आहेत ते, कीड ते खाते. केस कमी झाले की गज एका बाजूला ओढला जातो आणि काडीलाही कायमचा बाक येतो. केस नवे बसवून घ्या, पेटी दोन दिवस उन्हाच्या उजेडात उघडी ठेवा (वाद्य मात्र उन्हात नको), आणि नंतरही ती आठवडाभर बंद राहू देऊ नका.

गज किती ताणायचा? मध्यभागी काडी आणि केस यांत पेन्सिल जाईल एवढं अंतर राहिलं की झालं. काडी सरळ रेषेत आली तर ताण जास्त झाला. रियाज संपल्यावर केस सैल करायला विसरू नका. केसांना लावायची राळही मोजकी. तारांखाली पांढरी पिठी साचत असेल तर जास्त झाली. केसांना बोट लावू नका, हाताचं तेल लागलं की तेवढ्या भागावर राळ धरत नाही.

सोडलं होतं तिथूनच सुरुवात

ही सगळ्यात मोठी चूक. आणि ती सगळेच करतात, कारण ती प्रेमापोटी होते.

वाद्य दुरुस्त होऊन घरी आलं त्या संध्याकाळी मी परीक्षेसाठी बसवलेली तिलककामोदची द्रुत गत काढली. बोटांना जागा आठवत होत्या, खरंच आठवत होत्या, आणि त्या आनंदात मी चाळीस मिनिटं वाजवत बसले. दुसऱ्या दिवशी मनगट सुजलं होतं. त्याहून वाईट म्हणजे फोनवर केलेलं ध्वनिमुद्रण ऐकल्यावर कळलं, बोटं साधारण जागेवर पडत होती पण सुरावर पडत नव्हती. द्रुतमध्ये ते लपतं. कानाला गत ओळखीची असते, म्हणून तो चुकलेला सूर मनातल्या मनात दुरुस्त करून ऐकतो. असं महिनाभर चाललं तर हाताला चुकीच्या जागांची सवय होते, आणि ती मोडणं नव्यानं शिकण्याहून अवघड.

मग मी जे केलं ते कंटाळवाणं वाटेल, पण त्यानंच हात परत आला. पहिले तीन आठवडे फक्त खुली तार. तानपुरा लावायचा आणि एका गजात सा धरायचा, सावकाश मोजत आधी आठ मात्रा, मग बारा, मग सोळा. आवाज थरथरू नये, दिशा बदलताना झटका ऐकू येऊ नये. समोर आरसा ठेवा आणि गज घोडीला समांतर जातोय का बघा. एवढं जमलं की भूप किंवा यमनची आलापी, तीही पहिल्या दोन बोटांवर. आपल्या पद्धतीत मींड आणि घसीट, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर सरकत जाणं, हाच जीव आहे, आणि तो मुख्यतः याच दोन बोटांत असतो. प्रत्येक वाक्य आधी गाऊन घ्या, मग वाजवा. एकोणीस वर्षं जमवलेला कान इथं कामी येतो. त्याला मास्तर करू नका, सोबती करा. केसरबाईंची तान हातातून निघत नाही याचं दुःख करण्यापेक्षा त्यांच्या एकाच स्वराचा लगाव गजात आणायचा प्रयत्न करा. मला त्यात आठवडे गेले आणि ते सगळ्यात सुखाचे होते.

ट्यूनरच्या काट्यावर आंधळा विश्वास

आम्ही सोडलं तेव्हा तानपुरा किंवा हार्मोनियम यांवरून वाद्य जुळवायचो. आता प्रत्येकाच्या फोनमध्ये ट्यूनर आहे. तारा जुळवायला तो चांगला, पण रियाज करताना डोळा काट्यावर ठेवलात तर घात होतो.

मी यमनचा गंधार लावायची. तानपुऱ्यात तो विरघळायचा, पण काटा सांगायचा की उतरलाय. मी बोट पुढे सरकवायची. काटा हिरवा व्हायचा आणि कानाला खुपायचं. दहा दिवस मला वाटलं कान बिघडला. बिघडलेलं काहीच नव्हतं. फोनचा ट्यूनर सप्तकाचे बारा समान भाग करतो. त्यातल्या एका भागाचा शंभरावा हिस्सा म्हणजे एक सेंट. त्या मापात षड्जापासून गंधार ४०० सेंटवर येतो. तानपुऱ्याच्या खर्जाच्या तारेतून जो स्वयंभू गंधार उमटतो, तो साधारण ३८६ सेंटवर असतो, म्हणजे १४ सेंटनं उतरता. पंचमात फरक फक्त २ सेंटचा, म्हणून तिथं भांडण दिसत नाही. तेव्हा सा आणि प काट्यावर बघायला हरकत नाही, बाकी सगळं तानपुऱ्यावर सोपवा.

जुळवणीतली आणखी एक चूक तारा तोडते. नवा संच पाश्चात्य जुळणीसाठी बनवलेला असतो. आपण प सा प सा लावतो किंवा सा प सा प, ज्याचे गुरुजी जसे शिकवतील तसं. समजा जाड तारेपासून प सा प सा आहे आणि षड्ज पांढरी दोन, म्हणजे हार्मोनियमची दुसरी पांढरी पट्टी. तर सगळ्यात जाड तार मूळ जागेपासून दोन स्वर-घरं वर जाते आणि तिच्यावरचा ताण साधारण पाव पटीनं वाढतो. जुन्या, बरीच वर्षं पडून राहिलेल्या वाद्यावर हा भार एकदम नको. पहिले काही महिने काळी एक किंवा त्याहून खाली ठेवा. काळी एकमध्ये जाड तार एकच घर चढते, बाकी तिन्ही खालीच येतात. वाद्यालाही बरं आणि मऊ पडलेल्या बोटांनाही.

दुखणं अंगावर काढू नका

विशीत मांडी घालून दोन तास बसायचो. पंचेचाळिशीत उजव्या पायाच्या घोट्यावर व्हायोलिनचं डोकं टेकवून वीस मिनिटं झाली की गुडघा बोलतो. बुडाखाली घडी घातलेली सतरंजी किंवा जाड उशी घ्या, कंबर गुडघ्यांपेक्षा वर आली की पाठ आपोआप सरळ होते. बोटांची टोकं चुरचुरणं ठीक, महिनाभरात घट्टे धरतात. पण मनगटात, कोपरात किंवा खांद्यात दुखलं तर थांबायचं. चाळिशीनंतर खांदा आखडण्याचा त्रास बऱ्याच जणांना होतो, मधुमेह असेल तर जास्तच. हात वर जाईनासा झाला तर डॉक्टरांकडे जा, रियाजानं तो मोकळा होणार नाही.

रविवारी तीन तास बसून आठवड्याची भरपाई होत नाही. रोजची वीस मिनिटं चालतील. मी सकाळी पावणेसहाला बसते, रंकाळ्यावर फिरायला जाणारे उठायच्या आधी. त्या वेळी आवाज दाबणारा म्यूट लावावा लागतो, पण रोज म्यूटवर वाजवू नका. आवाज दबला की गज नकळत जोर लावतो आणि म्यूट काढल्यावर तोच जोर किंचाळतो. आठवड्यातून निदान तीन दिवस उघडं वाजवा, शेजाऱ्यांना वेळ विचारून घ्या. आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकू आता संध्याकाळी साडेसहाला स्वतःहून टीव्ही बंद करतात.

‘थोडं सुधारलं की सरांकडे जाईन’

मी सात महिने असं म्हणत राहिले. एवढ्या वर्षांनी कुठल्या तोंडानं जायचं? सर म्हातारे झालेत, त्यांना वाईट वाटेल. शेवटी एक दिवस पेढे घेऊन गेले आणि व्हायोलिन मुद्दाम घरी ठेवलं. सरांनी पाणी दिलं आणि विचारलं, “वाद्य कुठंय?” मी म्हटलं, “सर, अजून वाजवण्यासारखं नाही.” ते म्हणाले, “मग कधी दाखवणार? उद्या घेऊन ये.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी पाच मिनिटं ऐकलं. सुराबद्दल काही बोलले नाहीत. उजव्या हाताकडे बघून म्हणाले, “टोकाकडे जाताना गज फिंगरबोर्डकडे घसरतोय, बघ.” आरसा मी समोर ठेवायची, पण नजर सतत डाव्या हाताच्या बोटांवर असायची. सात महिने रोज पक्की केलेली ती सवय सोडायला पुढचे तीन महिने गेले. अजूनही दर गुरुवारी मी बसले की सर आधी माझा गज बघतात, मग तानपुरा लावायला सांगतात.