कोलेस्टेरॉलच्या गोळीने आईबाबांचे पाय दुखतायत? बंद करायच्या आधी हे बघा

आमच्या आईला अँजिओप्लास्टीनंतर अ‍ॅटोरव्हास्टॅटिन 40 ही कोलेस्टेरॉलची स्टॅटिन गटातली गोळी चालू झाली, दोन वर्षं काहीच त्रास नव्हता, आणि मग एक दिवस बघते तर खुर्चीतून उठताना दोन्ही हात टेकून, मांड्या दाबत, दुसऱ्या प्रयत्नात उठतेय. आम्ही सगळे म्हणालो, वयोमानाने चालायचंच. तिथेच चुकलं आमचं.

आधी दुखणं नेमकं कुठे आहे ते काढून घ्या. स्टॅटिनचं दुखणं बहुतेक दोन्ही बाजूंना सारखं असतं, मांड्या, पोटऱ्या, खांदे, आणि सांध्यात नाही तर मांसात. एकच गुडघा धरत असेल तर कारण बहुधा वेगळं. नुसतं "पाय दुखतात का" विचारलं की म्हातारी माणसं नाहीच म्हणतात, त्यापेक्षा जिना चढताना कठडा धरावा लागतो का, वरच्या फळीवरचा डबा काढता येतो का असं विचारा.

मग तारखा लिहा. गोळी कधी सुरू झाली, डोस कधी वाढला, मधे कुठलं नवीन औषध आलं. आईला खोकल्यासाठी क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक दिलं होतं, त्याने अ‍ॅटोरव्हास्टॅटिन रक्तात वाढतं, हे आम्हाला तारखा जुळवल्यावर कळलं.

डॉक्टरांना सीपीके (स्नायूंची), एसजीपीटी (लिव्हरची), क्रिएटिनिन (किडनीची), टीएसएच (थायरॉईडची) आणि व्हिटॅमिन डी या रक्ततपासण्या करायच्या का विचारा, कारण थायरॉईड कमी असलं तरी स्नायू दुखतात आणि स्टॅटिनचा त्रासही वाढतो. शुगर बॉर्डरवर असेल तर तीही बघा, स्टॅटिनने थोडी वाढू शकते.

लघवी काळ्या चहासारखी झाली किंवा अंगात अजिबात जोर नसेल तर थांबू नका, त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा. क्वचित होतं, पण किडनीवर जातं.

एरवी आपल्या मनाने गोळी बंद करू नका, स्टेंट असेल तर मुळीच नाही. मार्ग असतात हो, डॉक्टर काही आठवडे थांबवून पुन्हा कमी डोसने देतात, किंवा रोसुव्हास्टॅटिन 5 ही दुसरी स्टॅटिन दिवसाआड, किंवा जोडीला इझेटिमाइब हे कोलेस्टेरॉलचं वेगळ्या गटातलं औषध. आईची डॉक्टरांनी थोडे दिवस थांबवून 20 वर आणली, आता एका झटक्यात उठते.

आणि जाताना सगळ्या स्ट्रिप्स एका पिशवीत घालून न्या, काढे-चूर्णाच्या बाटल्यासुद्धा, कारण "ती पांढरी छोटी गोळी" एवढ्यावर कुणालाच काही कळत नाही.