कोवळ्या वयातल्या मुली आणि गर्भनिरोधक गोळ्या: या चुका टाळा

पीसीओएसमुळे (बीजांडकोशाशी निगडित संप्रेरकांचा बिघाड) लांबलेली पाळी, अती रक्तस्राव, चेहऱ्यावरचे हट्टी मुरूम, नको असलेली गर्भधारणा टाळणं... पंधरा ते एकोणीस वर्षांच्या मुलींना या गोळ्या लिहून देण्याची कारणं बरीच असतात. निरोगी मुलीला त्या सहसा सोसतात. बिनसतं ते घेण्याच्या पद्धतीत.

पहिली चूक म्हणजे बहिणीचं किंवा मैत्रिणीचं पाकीट उचलून सुरू करणं. गौरी-गणपतीत पाळी पुढे ढकलायला घेतात ती नॉरएथिस्टेरॉनची गोळी गर्भनिरोधक नाही. तिच्या भरवशावर राहू नका. सरकारी दवाखान्यातली ‘माला-एन’ रोज एक घ्यायची असते. ‘छाया’ ही वेगळी गर्भनिरोधक गोळी पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, पुढे आठवड्यातून एकदा. दोन्हींची सरमिसळ झाली की संरक्षण कोलमडतं. शिवाय पीसीओएस असेल तर छाया घेऊच नये.

माला-एनच्या पाकिटात २१ संप्रेरकाच्या आणि ७ लोहाच्या गोळ्या असतात. लोहाच्या गोळ्या ‘उगाच कशाला’ म्हणून टाकून देतात आणि मग पुढचं पाकीट कधी सुरू करायचं याचा हिशेब चुकतो. अठ्ठावीसही संपवा आणि दुसऱ्याच दिवशी नवं पाकीट फोडा. पाळीच्या पहिल्या पाच दिवसांत सुरुवात केली तर लगेच संरक्षण मिळतं. एरवी पहिले ७ दिवस कंडोम हवाच.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो माला-एनची गोळी विसरल्यावर. एकच चुकली असेल तर आठवल्याक्षणी घ्या, मग त्या दिवशी दोन झाल्या तरी चालतात. ओळीने दोन किंवा जास्त चुकल्या तर शेवटची चुकलेली तेवढी घ्या, आधीच्या सोडून द्या, रोजची चालू ठेवा आणि ७ दिवस कंडोम वापरा. हेच तिसऱ्या आठवड्यात घडलं तर लोहाच्या गोळ्या वगळून थेट नवं पाकीट सुरू करायचं. पहिल्या आठवड्यात चुकल्या आणि संबंध आला असेल, तर संबंधांनंतर घ्यायच्या तातडीच्या गोळीबद्दल त्याच दिवशी डॉक्टरांना विचारा, कारण लोहाच्या गोळ्यांच्या, म्हणजे संप्रेरकाविना गेलेल्या सात दिवसांनंतर बीजांडकोश पुन्हा जागे व्हायच्या बेतात असतात. लोहाची गोळी राहिली तर काही बिघडत नाही. गोळीनंतर तीन तासांच्या आत उलटी झाली तर दुसरी घ्या. मोबाइलला गजर लावा, रात्री दात घासण्याच्या वेळेचा.

पहिल्या तीन महिन्यांत मधेच डाग पडणं, मळमळणं हे नेहमीचं. घाबरून मध्येच बंद केलं की डाग वाढतात. मुरमांनाही तेवढा वेळ द्यावाच लागतो. ‘पुढे मूल होणार नाही’ ही भीती मात्र निराधार आहे.

तातडीची गोळी (लेव्होनॉरजेस्ट्रेल १.५ मिलिग्रॅम) संबंधांनंतर ७२ तासांच्या आत, जितकी लवकर तितकी बरी. ती नेहमीची सोय नव्हे. पुढच्या संबंधांना तिचं संरक्षण नसतं आणि पाळीची तारीख मागेपुढे होते. ती घेऊन तीन आठवडे उलटूनही पाळी नाही, तर गर्भधारणेसाठी लघवीची तपासणी करा.

डॉक्टरांपासून काही लपवू नका. अर्धशिशीआधी डोळ्यांपुढे नागमोडी प्रकाश दिसणं, रक्तदाब, यकृताचा आजार, घरात कुणाला पायात रक्ताची गाठ झालेली असणं, हे आधी सांगायचं. टीबीचं रिफॅम्पिसिन आणि फिटची फेनिटॉइन, कार्बामाझेपिन ही औषधं गोळीचा परिणाम कमी करतात; साधी प्रतिजैविकं तसं करत नाहीत.

एका पोटरीत सूज आणि ठणका, छातीत दुखणं, धाप, अचानक प्रचंड डोकेदुखी, नजर धूसर होणं, पोटात तीव्र कळ: यातलं काहीही झालं तर पुढची गोळी न घेता लगेच रुग्णालय गाठा आणि कोणती गोळी चालू होती ते पाकीट दाखवून सांगा.

एचआयव्ही आणि गुप्तरोगांपुढे गोळी कुचकामी आहे, तिथे कंडोमच. आणि घरी बोलता येत नसेल, तर सरकारी रुग्णालयांतल्या किशोरवयीनांसाठीच्या ‘मैत्री’ केंद्रात विचारता येतं.