मृगकिडा टिपताना कॅमेऱ्याची सेटिंग कशी ठेवाल?

मृग लागून पहिला दमदार पाऊस झाला, की सोलापूरच्या माळावर आणि शेतांच्या बांधांवर लाल मखमली मृगकिडे फिरू लागतात. दिसतात थोडेच दिवस. किडा जेमतेम सेंटिमीटरभर, म्हणून शटर आणि आयएसओ (सेन्सरची प्रकाशाबाबतची संवेदनशीलता) नंतर. तो किती मोठा टिपायचा, हे आधी ठरवा.

मॅक्रो लेन्स १:१ वर असली की सेंटिमीटरभर किडा सेन्सरवरही सेंटिमीटरभरच उमटतो. एपीएस-सी या फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सरची रुंदी सुमारे २३ मिमी, म्हणजे जवळपास निम्मी चौकट भरली. भोवतालची ओली माती, गवताचे कोंब हवे असतील तर १:२, म्हणजे निम्मा आकार, पुरे. लेन्स मॅन्युअल फोकसवर घ्या, रिंग त्या प्रमाणावर आणा आणि मग तिला हात लावू नका. कोपरं जमिनीवर टेकून कॅमेराच केसभर पुढे-मागे सरकवा आणि डोक्याकडचा भाग धारदार झाला की बटण दाबा. इतक्या जवळून ऑटोफोकस चाचपडत राहतो, तोवर किडा गवताखाली जातो.

आता अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्सचं छिद्र. एफ-आकडा जितका मोठा, तितकं ते बारीक. एपीएस-सी कॅमेऱ्यावर १:१ ला एफ/११ ठेवलं तरी धारदार पट्टा साधारण ०.९ मिमीचाच मिळतो, एफ/२.८ ला तर ०.२ मिमी. १:२ वर मात्र एफ/११ लाच अडीच मिमीच्या वर जातो. मग एफ/२२ का नको? कारण १:१ वर प्रत्यक्षातला एफ-आकडा ठेवलेल्या आकड्याच्या सुमारे दुप्पट होतो. एफ/११ हे एफ/२२ सारखं वागतं, एफ/२२ हे एफ/४४ सारखं. एवढ्या बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरतो आणि मखमलीचे केस लोण्यासारखे गुळगुळीत दिसतात. एफ/८ ते एफ/११ च्या पुढे जाऊ नये. त्यापेक्षा किड्याच्या बाजूला या आणि सेन्सर त्याच्या अंगाला समांतर धरा. तोच एक मिलिमीटर मग डोक्यापासून शेपटाकडे पुरतो. (निकॉनचे कॅमेरे हे बदललेलं अ‍ॅपर्चर दाखवतात. एफ/२.८ ची लेन्स जवळ फोकस केल्यावर एफ/४.८ दिसलं तर ती बिघडलेली नसते.)

१:१ वर प्रकाशही दोन स्टॉपने (एक स्टॉप म्हणजे निम्मा) घटतो, आणि पावसाळी आभाळात तो मुळातच कमी. इथे फ्लॅशला पर्याय नाही. मॅन्युअल मोड, शटर १/२००, आयएसओ २००, फ्लॅश १/८ पॉवरवर; पहिला फोटो बघून पॉवर वर-खाली करा. सिंक स्पीड (फ्लॅशसोबत चालणारा शटरचा कमाल वेग) ओलांडला तर चौकटीत काळा पट्टा येतो. हात थरथरला तरी चालतं, कारण कमी पॉवरवरचा झोत शटरपेक्षा कितीतरी छोटा असतो. मागची बाजू काळीकुट्ट आली तर आयएसओ ८०० करा आणि फ्लॅश दोन स्टॉप उतरवा. फ्लॅशपुढे ट्रेसिंग पेपरचा मोठा पडदा लावून तो किड्याच्या शक्य तितका जवळ आणा. पडदा लांब गेला की मखमलीवर पांढरे ठिपके चमकतात.

लाल रंग हा इथला खरा सापळा. साधा हिस्टोग्राम (फोटोतल्या उजेडाचा आलेख) ठीक दिसतो, पण लाल चॅनेल उजवीकडे आपटलेला असतो आणि मखमलीच्या जागी लाल डाग उरतो. लाल, हिरवा, निळा वेगवेगळा दाखवणारा आरजीबी हिस्टोग्राम लावा, एक्स्पोजर १/३ ते २/३ स्टॉप उतरवा, रॉ मध्ये (प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलमध्ये) टिपा आणि पिक्चर स्टाइल (कॅमेऱ्याची रंगांची सेटिंग) न्यूट्रल ठेवा, कारण हिस्टोग्राम त्याच स्टाइलवरून बनतो.

फ्लॅश नसेल तर १:२ वर एफ/५.६, शटर १/३२० आणि आयएसओ ८०० ते १६००. माळावर वारा सतत असतो, म्हणून गवतावरच्या किड्यापेक्षा जमिनीवरचा निवडा. नान्नजच्या माळढोक अभयारण्यात वनखात्याच्या परवानगीविना जाऊ नका. किडे बांधावरही मिळतात.

मृगाला अवकाश असेल तर सोलापुरी चादरीच्या विणीवर सराव करा. कापड सपाट आणि न हलणारं, त्यामुळे सेटिंग अगदी उलटी: ट्रायपॉड, १:२, एफ/८, आयएसओ १००, दोन सेकंदांचा टायमर, लेन्सचं स्टॅबिलायझेशन बंद. शटर अर्धा सेकंद लागलं तरी चालेल. फक्त पंखा बंद करा. उजेड खिडकीतून तिरपा येऊ द्या, म्हणजे ताणा-बाणा उठून दिसतो. समोरून फ्लॅश मारला की वीण सपाट होऊन नुसते रंग उरतात.