डोक्याला तेल लावून येऊ नका

माणूस एखादी गोष्ट शोधत असताना त्याची नजर आणि मेंदूच्या लहरी मी एकाच वेळी मोजते. माझ्या प्रयोगाला आलेला पहिलाच मुलगा डोक्यावर खोबरेल चोपडून आला होता. ईईजीची, म्हणजे मेंदूच्या विद्युतलहरी टिपणारी टोपी चढवली, एकेका इलेक्ट्रोडखाली जेल भरत बसले, पण इम्पीडन्स (कातडी आणि इलेक्ट्रोडमधला विद्युत-अडथळा) काही १० किलो-ओहमच्या खाली येईना. शेवटी त्याला बेसिनवर डोकं धुवायला पाठवलं. तेव्हापासून मी आदल्या दिवशीच मेसेज टाकते: तेल नको, काजळ नको. काजळाची काळी रेघ आय-ट्रॅकरला, म्हणजे नजर टिपणाऱ्या कॅमेऱ्याला, बुबुळातली बाहुली वाटू शकते आणि कॅलिब्रेशन (नजर आणि स्क्रीनवरची जागा यांची जुळणी) हुकतं.

प्रयोगातलं काम तसं सोपं. लाल आडव्या आणि हिरव्या उभ्या रेघांच्या गर्दीतून एक लाल उभी रेघ शोधायची. बाकी सगळ्याच रेघा हिरव्या असत्या तर लाल रेघ चटकन डोळ्यांत भरली असती. इथे रंग आणि दिशा दोन्ही जुळवावं लागतं, म्हणून रेघा वाढल्या की वेळही वाढतो. ट्रिझमन आणि गेलाड या मानसशास्त्रज्ञांचा १९८० चा पेपर याच फरकावर आहे. नवीन असाल तर आधी तो वाचा, सॉफ्टवेअर नंतर शिका.

शोधताना नजर सेकंदाला तीन-चार उड्या मारते. जुन्या ईईजी प्रयोगांत 'अधिकच्या (+) खुणेकडे बघा, डोळे हलवू नका' असं बजावायचे. पण चावी हरवल्यावर असं कोण शोधतं? म्हणून आता नजर जिथे टेकते तो प्रत्येक क्षण एक घटना धरून मेंदूचा प्रतिसाद मोजतात. गोची अशी, की एक प्रतिसाद ओसरायच्या आत पुढची उडी पडलेली असते. ही सरमिसळ सोडवायला मॅटलॅब या सॉफ्टवेअरमध्ये 'अनफोल्ड' नावाचा टूलबॉक्स आहे. मला तो अंगवळणी पडायला बरेच महिने लागले.

पण खरा दगा डोळाच देतो. डोळा म्हणजे एक छोटी बॅटरी: समोरची बाजू धन, मागच्या पडद्याची ऋण. तो फिरला की टाळूवरचा विद्युतदाब बदलतो, आणि तो बदल मेंदूच्या लहरींपेक्षा कितीतरी मोठा असतो. शिवाय डोळ्यांच्या स्नायूंची बारीक ठिणगी असतेच. एकदा मला चित्र दिसल्यावर २००-३०० मिलिसेकंदांत झकास गॅमा लहरी (मेंदूच्या वेगवान लहरी) मिळाल्या. मी नाचत सरांकडे गेले. त्यांनी आलेख नीट पाहिलासुद्धा नाही. "शेजारी डोळ्यांचा आलेख लाव." लावला. प्रत्येक गॅमाच्या खाली नजरेची एक सूक्ष्म उडी! म्हणजे ती लहर मेंदूची नव्हतीच, डोळ्यांच्या स्नायूंची होती. युवाल-ग्रीनबर्ग आणि सहकाऱ्यांनी हे २००८ सालीच दाखवून दिलं होतं. मी तो पेपर डाउनलोड करून ठेवला होता, उघडला मात्र नव्हता.

दोन्ही यंत्रांची घड्याळं जुळवणं हा कंटाळवाणा भाग, पण यात आळस केला तर सगळा डेटा वाया. दोन्हींना एकाच वेळी खूण पाठवणाऱ्या ट्रिगर केबलवर आंधळा विश्वास ठेवू नका. प्रयोगाआधी मी समोरच्याला पाच वेळा डोळे घट्ट मिटायला सांगते. ट्रॅकरच्या फाइलमध्ये बाहुली गायब झाली, की ईईजीत कपाळाजवळच्या इलेक्ट्रोडवर त्याच वेळी मोठा उंचवटा दिसायला हवा. पाचही जुळले तरच पुढे जाते.