स्टीम क्लीनर घेताय? आधी घरभर एक फेरी मारा

चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, तीन आठवड्यांवर आली की आमच्या गोव्यातल्या फोंड्याच्या घरात साफसफाईला सुरुवात होते. माळ्यावरून माटोळीची, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर फळे-भाज्या टांगायची, चौकट खाली उतरते, तांब्याची भांडी चिंचेने घासली जातात, आणि कोणीतरी मोबाईलवर तीच जाहिरात दाखवते: काळ्या पडलेल्या टाइलच्या फटीवर वाफ मारली की फट दुधासारखी पांढरी! दोन वर्षांपूर्वी मीही भुललो. हातातला छोटा स्टीम क्लीनर आणला आणि पहिल्याच दिवशी वसरीतल्या लाल सिमेंटच्या जमिनीवर चालवला. आजीच्या काळापासून मेण चोळून चोळून आलेली तकाकी होती, तिथे परातीएवढा फिकट डाग उमटला. "अरे, मेण गेलं की रे सगळं," आत्या म्हणाली. त्या जागी आता कायमचा पाट ठेवलेला असतो.

यंत्रात खोट नव्हती. वाफ मेण वितळवणारच. चूक माझी, मी घर न बघता दुकानात गेलो होतो. म्हणून सुरुवात घरातून करूया.

त्याआधी एक घोळ निस्तरतो. दुकानात "स्टीमवाला दाखवा" म्हटले की तीन वेगळ्या वस्तू पुढे येतात. गाड्या धुणारा प्रेशर वॉशर पाण्याचा जोरदार फवारा मारतो, त्यात वाफेचा संबंध नाही. कपड्यांचा स्टीमर वाफ देतो, पण त्या वाफेला जोर नसतो, तिने साडीच्या सुरकुत्या जातात, शेगडीचा चिकटा जात नाही. आपल्याला हवा तो स्टीम क्लीनर बंद टाकीत पाणी उकळवून किंवा पंपाने गरम नळीत सोडून दाबाखाली वाफ बाहेर काढतो. आणि ही वाफ मळ खात नाही, फक्त सैल करते. फडक्याने पुसायचे काम तुमचेच राहते. हे जाहिरातीत कधी दिसत नाही.

पहिली पायरी: वही घ्या आणि खोलीखोलीतून फिरा

दोन रकाने करा, "वाफ चालेल" आणि "वाफ नको". गोव्यातल्या जुन्या घरात दुसरा रकानाच आधी भरतो.

लाल सिमेंट, मेणपॉलिशची कुठलीही जमीन: नको. चुन्याचा गिलावा असलेली चिऱ्याची भिंत: अजिबात नको. पावसाळ्यात ती आधीच पाणी प्यायलेली असते, वाफेने ओल आणखी आत जाते आणि गिलावा पोपडे धरतो. डिस्टेंपरचेही तेच. शिंपल्यांच्या चकत्या बसवलेल्या जुन्या खिडक्या कोणाकडे शिल्लक असतील तर त्यांच्यापासून यंत्र चार हात लांब ठेवा. त्या चकत्या थरांनी बनलेल्या असतात, उष्णता आणि पाणी मिळाले की थर सुटू लागतात. मऊ कोरडा ब्रश हेच त्यांचे औषध. पॉलिश केलेले सागवानी किंवा फणसाचे फर्निचर, देव्हारा, दारांच्या चौकटी यांवर वाफेने पांढुरके धब्बे येतात. नव्या फ्लॅटमधली लॅमिनेटची जमीन सांध्यांतून पाणी ओढून फुगते. मोझॅक आणि संगमरवर मी "शंका" असा तिसरा रकाना काढून त्यात टाकले: कोपऱ्यात, कपाटामागे करून बघायचे, वाळू द्यायचे, मगच ठरवायचे.

गाद्यांबद्दल वेगळे सांगायला हवे. विक्रेता सगळ्यात आधी गादीच दाखवतो. धुळीतले सूक्ष्म किडे ५५-६० अंशांच्या पुढे मरतात हे खरे. पण कापसाची किंवा काथ्याची गादी आत ओली झाली तर जुलैत ती वाळवणार कुठे? आतून कुजलेली गादी धुळीच्या गादीपेक्षा वाईट. एसी चालू असलेल्या खोलीतली थंड काचही सोडा, अचानक तापली तर तडकू शकते. स्विचबोर्ड, फ्रिजची मागची बाजू, मिक्सर यांचे कारण सांगायला नको.

आता चालेल ते. सिरॅमिक आणि व्हिट्रिफाइड टाइल, त्यांच्या फटी, न्हाणीघराचे कोपरे, नळांची बुडे, कमोडच्या बिजागऱ्या. सरकत्या खिडक्यांच्या खाचा, जिथे लाल माती पावसाच्या पाण्यात बसून सिमेंटसारखी होते. वाफेचे यंत्र एवढ्या एका कामासाठी घेतले तरी मला पटते. फ्रिजच्या दाराची रबरी पट्टी, हात फिरता ठेवून. शेगडी, तीही सिलिंडर बंद करून आणि पूर्ण थंड झाल्यावर. चिमणीच्या जाळ्या काढून बाहेर, मोरीत.

स्वयंपाकघरात एक भ्रमनिरास होतो, तो आधीच सांगून ठेवतो. कालचे तेल वाफेने झरझर सुटते. पण वर्षभर बांगडे तळून ओट्यामागच्या टाइलवर बसलेला तेलाचा पिवळा थर आता तेल राहिलेला नसतो, उष्णतेने आणि हवेने त्याचे वार्निश झालेले असते. त्याला आधी भांड्यांचा साबण लावून अर्धा तास ठेवा, मग वाफ. तसेच काळ्या फटींचे: बुरशी मेली तरी तिचा डाग राहू शकतो. फट दुधासारखी होईलच असे नाही.

दुसरी पायरी: यादीवरून प्रकार ठरवा

हातातला छोटा क्लीनर साधारण ९०० ते १५०० वॅटचा, टाकी पाव लिटरच्या आसपास. फटी, नळ, खिडक्यांच्या खाचा, शेगडी यांना उत्तम. भरल्यावर मात्र तो जड होतो, आणि दहा मिनिटे वर धरून टाइल घासणे हे ज्याचे मनगट दुखते त्याचे काम नव्हे.

स्टीम मॉप उभ्या दांड्याचा असतो, फक्त जमिनीसाठी. सगळे घर व्हिट्रिफाइड असेल आणि घरात रांगते मूल असेल तरच घ्या.

चाकांवर मागे ओढायचा, नळीचा मोठा प्रकार १५०० ते २००० वॅटचा, टाकी एक लिटर किंवा जास्त. तो जमीन, न्हाणीघर, स्वयंपाकघर सगळे करतो, पण जागा खातो आणि किंमतही बरीच जास्त. माझे मत विचाराल तर, दोन खोल्यांच्या फ्लॅटला हातातला पुरतो. तीन न्हाणीघरे असलेल्या किंवा पाहुण्यांना खोल्या देणाऱ्या घराला नळीचाच घ्यावा.

मोठ्यातही दोन जाती आहेत. एकात टाकी हाच बॉयलर, पाणी संपले की तो थंड होऊन दाब उतरेपर्यंत झाकण उघडता येत नाही. दुसऱ्यात थंड पाण्याची टाकी वेगळी असते, काम चालू असतानाच पाणी ओतता येते. अर्ध्या न्हाणीघरात थांबून ताटकळायचे नसेल तर दुसरा.

तिसरी पायरी: खोक्यावरचे आकडे स्वतः तपासा

खोक्यावर दाबाचा आकडा सगळ्यात ठळक छापतात. मी वॅट आणि वाफेचे प्रमाण आधी बघतो, कारण तिथे थाप पकडता येते. एक लिटर साध्या पाण्याची पूर्ण वाफ करायला सुमारे २६०० किलोज्यूल उष्णता लागते. १५०० वॅटचे यंत्र सेकंदाला दीड किलोज्यूल देते. भागाकार केला की एक लिटरला जवळजवळ २९ मिनिटे, म्हणजे मिनिटाला ३५ ग्रॅम वाफ. १००० वॅटला २३ ग्रॅम. यापेक्षा जास्त सलग वाफ कुठलेही यंत्र देऊ शकत नाही. १५०० वॅटच्या खोक्यावर "मिनिटाला १०० ग्रॅम" लिहिले असेल तर तो क्षणभराचा झोत असेल, नाहीतर वाफेबरोबर पाणी थुंकत असेल.

दाबाबाबत "कमाल" आणि "चालू कामातला" असे दोन आकडे असू शकतात, विचारायचा तो दुसरा. ३ बार दाबाला बॉयलरमध्ये सुमारे १४३ अंश तापमान असते, पण वाफ नोझलबाहेर पडली की झपाट्याने निवते. वीतभर लांबून मारलेल्या वाफेचा उपयोग नाही, नोझल दोन-तीन बोटांवर धरावे लागते. "९९.९ टक्के जंतू मरतात" हे वाक्य प्रयोगशाळेतले असते, जिथे एकाच जागी ठरावीक सेकंद वाफ धरलेली असते. आपण घरी झाडू मारल्यासारखा हात फिरवतो.

चौथी पायरी: प्लग आणि पाणी

१५०० वॅट म्हणजे २३० व्होल्टला साडेसहा अँपिअर. दिवाणखान्यातल्या ६ अँपिअरच्या छोट्या सॉकेटवर हे लावू नका, गीझरसारखा १६ अँपिअरचा मोठा पॉइंट हवा. असे पॉइंट कुठे आहेत, तिथून सगळ्यात लांबच्या कोपऱ्यापर्यंत किती अंतर आहे हे वहीत लिहा आणि यंत्राच्या वायरची लांबी त्याच्याशी ताडून बघा. साध्या एक्स्टेन्शन बोर्डवर भागवायचा मोह टाळा. घरच्या इन्व्हर्टरवर तर नकोच. अर्थिंग नीट आहे ना आणि वीज गळू लागताच ती तोडणारा आरसीसीबी बसवला आहे ना, हेही इलेक्ट्रिशियनकडून बघून घ्या. ओल्या हातांनी वापरायची ही वस्तू आहे. गावात संध्याकाळी व्होल्टेज पडते तिथे आणखी एक गंमत: १९० व्होल्टला १५०० वॅटचे यंत्र जेमतेम हजार वॅटचे उरते. वाफ कमी येते म्हणून यंत्र परत करायला निघण्याआधी सकाळी चालवून बघा.

पाण्यासाठी सोपी परीक्षा आहे. तुमच्या नळाचे किंवा विहिरीचे लिटरभर पाणी स्टीलच्या भांड्यात आटवा. तळाशी पांढरा थर राहिला तर तोच थर तुमच्या बॉयलरमध्ये बसणार. समुद्राकाठच्या विहिरींना उन्हाळ्यात खारेपणा येतो, ते पाणी टाकीत नको. ओपाच्या जलशुद्धीकरण केंद्रातून येणाऱ्या नळाला पावसात गढूळपणा आला तर तेही निवळून, गाळून घ्या. शंका असेल तिथे डिस्टिल्ड पाणी वापरावे, निदान निम्मे मिसळून, माहितीपत्रक चालेल म्हणत असेल तर. टाकीत फिनेल, अत्तर, साबण काही घालायचे नाही. थर काढायला सायट्रिक ॲसिड चालते का तेही माहितीपत्रकातच बघा. कोकमाच्या आगळाचा प्रयोग आमच्या शेजाऱ्यांनी सुचवला होता, मी हात जोडले.

पाचवी पायरी: दुकानात हातात धरून बघा

टाकी भरायला लावा आणि दोन मिनिटे खांद्याच्या उंचीवर धरा. दाब असताना झाकण उघडत नाही ना, चापाला मुलांसाठी लॉक आहे ना, हे बघा. गोव्यात दुरुस्ती होते की यंत्र बेळगाव-मुंबईला पाठवावे लागते, हे विचारताना दुकानदाराच्या तोंडाकडे बघा. रबरी वॉशर आणि जास्तीची फडकी सुटी मिळायला हवीत. बाकी सतरा जोडण्यांचा संच कपाटात पडून राहतो. बारीक नोझल, छोटा गोल नायलॉन ब्रश आणि फडके बसवायचे डोके, एवढ्यावर घर निघते.

सहावी पायरी: वापर, आणि पावसाळ्याचे गणित

गोव्यात वर्षाला सुमारे ३०० सेंटिमीटर पाऊस पडतो आणि चवथ येते ती त्याच ओलाव्यात. दहा बाय बाराची, दहा फूट उंचीची खोली घ्या. २८ अंशांना त्या खोलीतली हवा पूर्ण भिजली तरी तिच्यात मावते सव्वानऊशे ग्रॅम बाष्प. जुलैत ती आधीच नव्वद टक्के भरलेली असते, म्हणजे जागा उरते ती शंभरेक ग्रॅमची, तीन मिनिटांच्या वाफेची! उरलेले पाणी फडक्यात गेले तर ठीक, नाहीतर भिंतीवर, कपाटामागे, कपड्यांवर. बुरशी मारायला आणलेले यंत्रच बुरशीला पाणी घालते.

म्हणून चवथीआधी फक्त स्वयंपाकघर आणि न्हाणीघर करा, तेही एका वेळी हातभर जागा: वाफ, लगेच कोरडे फडके, पुढची जागा. एक्झॉस्ट किंवा पंखा चालू, खिडकी उघडी. सोफा आणि पडदे दिवाळीनंतर करा, हवा कोरडी आणि ऊन कडक असते तेव्हा. त्यांवरही आधी कापडाची पट्टी वाचा.

चाप पहिल्यांदा दाबाल तेव्हा नोझल बादलीकडे धरा, सुरुवातीला वाफेआधी गरम पाणी उडते. पायात चपला असू द्या. वाफेने भाजलेले दिसायला साधे वाटते पण खोल असते, म्हणून मुलांना आणि मांजराला बाहेर काढूनच कामाला लागा.

झाले की प्लग काढा, यंत्र पूर्ण निवू द्या, टाकी उलटी करून रिकामी करा आणि झाकण उघडे ठेवूनच कपाटात ठेवा. फडके त्याच दिवशी धुऊन वाळवा. पावसात बाहेर वाळत नसेल तर पंख्याखाली टांगा.