सभासदांसाठी लॉगिन तयार करताना: पासवर्ड जुळण्याआधी आणि जुळल्यानंतर

आपल्या नावावर कोणती पुस्तके आहेत हे वाचनालयाच्या सभासदांना घरबसल्या पाहता यावे, एवढ्याच हेतूने संकेतस्थळ उभारायचे असले तरी त्यात लॉगिनची सोय करावी लागते. ती पीएचपी या संगणकभाषेमध्ये एका दुपारी लिहून होते, आणि धोका नेमका तिथेच आहे. मी लिहिलेल्या पहिल्या लॉगिनमध्ये सर्व पासवर्ड डेटाबेसच्या तक्त्यात जसेच्या तसे ठेवले होते. पासवर्ड विसरलेल्या सभासदाला तो फोनवर वाचून दाखवता येतो, याचे मला तेव्हा कौतुकच वाटत असे.

म्हणून पहिले काम हे, की सभासदाचा पासवर्ड आपल्यालाही कळता कामा नये. २००९ मध्ये रॉकयू या कंपनीचा डेटाबेस चोरीला गेला, तेव्हा त्यातले सुमारे ३.२ कोटी पासवर्ड उघड्या मजकुरात सापडले. पासवर्डऐवजी त्याचा हॅश, म्हणजे ज्यावरून मूळ मजकूर उलट काढता येत नाही असा ठसा, साठवला की हे टळते. मात्र कोणताही हॅश चालत नाही. २०१२ मध्ये लिंक्डइनचे सुमारे ६५ लाख हॅश बाहेर आले. ते एसएचए-१ पद्धतीचे आणि सॉल्ट, म्हणजे प्रत्येक पासवर्डात मिसळायचा वेगळा यादृच्छिक मजकूर, न घातलेले होते. ही पद्धत अतिशय वेगवान असल्यामुळे चोराला दर सेकंदाला कोट्यवधी अंदाज पडताळता येतात, आणि सॉल्ट नसल्यामुळे एकच पासवर्ड वापरणाऱ्या सर्वांचे हॅश एकसारखे निघतात.

इथे मुद्दाम संथ केलेली पद्धत हवी. १९९९ मध्ये मांडलेली बीक्रिप्ट आणि २०१५ ची पासवर्ड हॅशिंग स्पर्धा जिंकणारी आर्गॉन-२ या तशा आहेत. पीएचपीमध्ये ५.५ या आवृत्तीपासून, म्हणजे २०१३ पासून, ‘पासवर्ड_हॅश’ आणि ‘पासवर्ड_व्हेरिफाय’ ही फंक्शने मिळतात. ती वापरावीत, स्वतःची युक्ती लढवू नये. बीक्रिप्टचा निकाल ६० अक्षरांचा असतो. त्यात आधी पद्धतीची खूण व खर्चाचा आकडा, मग २२ अक्षरांचे सॉल्ट आणि शेवटी ३१ अक्षरांचा हॅश असतो, त्यामुळे सॉल्टसाठी वेगळा रकाना लागत नाही. रकान्याची लांबी मात्र २५५ ठेवावी, म्हणजे पुढे पद्धत बदलली तरी अडचण येणार नाही. खर्चाचा आकडा एकाने वाढवला की लागणारा वेळ दुप्पट होतो. आपल्या सर्व्हरवर साधारण पाव सेकंद लागेल असा आकडा मोजून ठरवावा.

मराठीत पासवर्ड टाकणाऱ्या सभासदांचा विचार बहुतेक मार्गदर्शकांत नसतो, म्हणून इथे थोडे थांबतो. बीक्रिप्ट पासवर्डाचे पहिले ७२ बाइटच विचारात घेते. देवनागरीतले प्रत्येक चिन्ह, काना-मात्रा-वेलांट्यांसकट, यूटीएफ-८ या मजकूर साठवण्याच्या पद्धतीमध्ये ३ बाइट घेते. म्हणजे २४ चिन्हांपुढचा मजकूर टाकला काय नि न टाकला काय, सारखेच. लांब पासवर्ड स्वीकारायचे असतील तर आर्गॉन-२ निवडावी. दुसरी अडचण ‘कुऱ्हाड’ या शब्दात दिसते. त्यातला ‘ऱ’ एक कळफलक एकसंध चिन्ह म्हणून पाठवतो, दुसरा ‘र’ आणि नुक्ता अशी दोन चिन्हे पाठवतो, तर तिसरा ‘र्’पुढे डोळ्यांना न दिसणारे जोडचिन्ह ठेवतो. पडद्यावर शब्द एकच दिसतो, हॅश मात्र तीन निघतात, आणि संगणकावर खाते उघडलेल्या सभासदाला मोबाइलवरून लॉगिन करता येत नाही. पहिल्या दोन रूपांतला फरक युनिकोडच्या एनएफसी रूपांतराने, म्हणजे अशी रूपे एकाच ठरावीक रूपात आणण्याने, मिटतो. तिसऱ्यासाठी अदलाबदल आपणच लिहावी लागते. ही प्रक्रिया नोंदणी आणि लॉगिन या दोन्ही वेळी, हॅश काढण्याच्या आधी, अगदी सारखी व्हायला हवी.

लॉगिन चुकले की ‘नाव किंवा पासवर्ड चुकीचा आहे’ एवढेच सांगावे. ‘असा सभासद नाही’ असे सांगितले, तर सभासदांची यादीच परक्याच्या हाती पडते. शब्द सारखे ठेवूनही वेळ चुगली करतो: नाव सापडले तर हॅश पडताळायला पाव सेकंद लागतो, न सापडले तर उत्तर तत्काळ येते. यासाठी नाव नसले तरी एका खोट्या हॅशशी पडताळणी करावी. चुकलेल्या प्रयत्नांनंतर पुढच्या प्रयत्नाआधीची वाट वाढवत न्यावी, पण खाते कायमचे बंद करू नये. नाहीतर कोणीही खोडसाळपणे दुसऱ्याचे खाते बंद पाडू शकेल.

पासवर्ड जुळला, की त्याच क्षणी सेशनचा, म्हणजे सर्व्हर ज्यावरून त्या भेटीतल्या सभासदाला ओळखतो तो, क्रमांक नवा करावा. लॉगिनपूर्वीचाच क्रमांक पुढे चालू ठेवला, तर तो आधीच ठाऊक असलेला माणूस सभासदाच्या पाठोपाठ आत शिरतो. हा क्रमांक ब्राउझरमध्ये जिच्यात राहतो त्या सेशनच्या कुकीला ‘सिक्युअर’ (फक्त एचटीटीपीएसवरून जाणारी), ‘एचटीटीपी-ओन्ली’ (पानावरच्या स्क्रिप्टला न वाचता येणारी) आणि ‘सेमसाइट’ (दुसऱ्या संकेतस्थळावरून आलेल्या विनंतीसोबत जाण्यावर मर्यादा घालणारे) ही तिन्ही बंधने घालावीत. संपूर्ण संकेतस्थळ एचटीटीपीएसवर, म्हणजे वाटेत कोणाला वाचता न येणाऱ्या जोडणीवर, असावे, हे वेगळे सांगायला नको.

सभासद कोण आहे हे ठरले, तरी त्याला काय पाहता येईल हा प्रश्न प्रत्येक पानावर नव्याने सोडवावा लागतो. पत्त्याच्या पट्टीत सभासद क्रमांक ४१२ दिसतो. तिथे ४१३ टाकताच शेजाऱ्याची पुस्तके दिसू लागली, तर आधीची सारी मेहनत वाया गेली. यादी काढताना क्रमांक पत्त्यातून घेऊच नये, सेशनमधून घ्यावा.

विसरलेला पासवर्ड बदलण्याचा दुवा यादृच्छिक टोकनाचा, म्हणजे अंदाज न करता येणाऱ्या खुणेचा, एकदाच चालणारा आणि तासाभरात बाद होणारा असावा. डेटाबेसमध्ये त्या टोकनाचाही हॅशच ठेवावा, आणि नवा पासवर्ड ठरताच त्या सभासदाची इतर सर्व सेशने बंद करावीत.

शेवटी एक चाचणी अवश्य करावी. लॉगिन करून कुकीतला सेशन क्रमांक उतरवून घ्यावा, मग लॉगआउट करावे आणि तोच क्रमांक दुसऱ्या ब्राउझरच्या कुकीत टाकून पान उघडावे. पुस्तकांची यादी पुन्हा दिसली, तर आपल्या लॉगआउटने फक्त ब्राउझरमधली कुकी पुसली आहे आणि सर्व्हरवरची सेशनची नोंद अजून जिवंत आहे.